सुगंधाचें गोत्र

विवाहाच्या बोलण्यांत मुलीच्या विद्येविषयीं थोडी अतिशयोक्ति करण्याची चाल आपल्या समाजांत जुनीच आहे; परंतु विद्येचें नांवच बदलून सांगण्याची वेळ आमच्या घरावर गेल्या महिन्यांत प्रथम आली. माझ्या कैलासवासी चुलतबंधूंची नात कॅनडांतील एका विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचें संशोधन करीत आहे. तिच्यासाठीं एक स्थळ सांगून आलें. मुलगा त्याच देशांत नोकरीस, घराणें सुशिक्षित. पत्रिका जुळली, गोत्र भिन्न निघालें. पाहुण्यांनीं आमच्या घरीं भेटीस यावें असें ठरलें, आणि आदल्या रात्रीं मुलीच्या वडिलांनीं मला बाजूस घेऊन हळूच सांगितलें, "काका, उद्यां विषय निघालाच, तर ती गवती चहावर काम करते एवढेंच बोला."

ती काम करते तें गांजाच्या झाडावर.

या घरांत त्या झाडाचें नांव न काढण्यास कारण आहे. चुलतबंधू माझ्याहून वीस वर्षांनीं वडील. अक्षर मोत्यासारखें, गणितांत गति, गळा गोड. तिशीच्या सुमारास नदीकाठच्या धर्मशाळेंत उतरणाऱ्या बैराग्यांची संगत लागली. प्रथम सणावारीं, मग रोज संध्याकाळीं, मग सकाळींहि. नोकरी गेली, मागोमाग वहिनींच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. १९८१ च्या पावसाळ्यांत घाटावरून पाय घसरून ते पुरांत वाहून गेले, तेव्हां वहिनी पस्तीस वर्षांच्या होत्या व थोरला मुलगा नववींत होता. मला बाजूस घेणारा गृहस्थ तो हाच मुलगा. त्या वर्षापासून आमच्या घरीं होळीच्या थंडाईंतहि भांगेचें पान पडलेलें नाहीं.

नातीनें आपल्या कामाचें स्वरूप प्रथम कळविलें, तेव्हां मीं दोन महिने तिच्याशीं त्याविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. मग एका रविवारीं फोनवर तिनेंच विचारलें, "आजोबा, गांजाला वास कशाचा येतो?" मीं उत्तर दिलें, "घर बुडाल्याचा." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तो धुराचा. ओल्या फुलाचा वास तुम्ही कधीं घेतलाच नाहींत." हें खरें होतें. निघंटूंतील विजया, मादिनी, मातुलानी हीं या वनस्पतीचीं नांवें मला पाठ. शार्ङ्गधरानें भांग व अफू हीं व्यवायी द्रव्यांचीं, म्हणजे पचण्यापूर्वींच सर्व शरीर व्यापून टाकणाऱ्या द्रव्यांचीं उदाहरणें म्हणून दिलीं आहेत, हेंहि मीं कित्येक वेळां शिकविलें. पण फूल कसें असतें हें पाहिलेलें नव्हतें. तिच्याकडून, व तिनें पाठविलेल्या निबंधांतून शब्दकोश हातीं धरून, जें समजलें तें वाचकांपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट ही कीं, नशा आणणारें जें द्रव्य, ज्यास टीएचसी म्हणतात, त्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नाहींच. वास येतो तो त्याच्या शेजारीं राहणाऱ्या टर्पीन नांवाच्या द्रव्यांचा. आणि हीं द्रव्यें आपल्या माजघरांत पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. संत्र्याची साल सोलतांना बोटांस जो वास लागतो तो लिमोनीनचा. धने भरडतांना दरवळतो तो मुख्यतः लिनॅलूलचा. मिऱ्यांत व लवंगेंत कॅरिओफायलीन आहे. चिडाच्या राळेंत पिनीन आहे. देवापुढें जळणारा कापूरहि याच कुळांतला. हापूस आंब्याच्या वासाचें पृथक्करण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं केलें, तेव्हां त्यांत ऑसिमीन नांवाच्या टर्पीनाचा भाग सर्वांत मोठा आढळला. या ऑसिमीनास नांव मिळालें आहे तें तुळशीच्या शास्त्रीय कुलनामावरून. आणि गंमत अशी कीं आपल्या अंगणांतल्या तुळशीला जो लवंगेसारखा वास येतो, तो ज्याचा असतो तें युजेनॉल टर्पीनच नव्हे! नांवें देणारे लोक सर्व देशांत सारखेच. गांजाच्या फुलांत अशीं शंभराहून अधिक टर्पिनें मोजलेलीं आहेत, आणि सर्व मिळून त्यांचें वजन सुकल्या फुलांत शेंकडा दोनतीन भाग भरलें तरी पुष्कळ.

टर्पेंटाईनवरून ज्यांस हें नांव पडलें त्या द्रव्यांची घडण वृत्तासारखी आहे. पांच कार्बन-अणूंचा एक गण. दोन गण जोडले कीं लिमोनीन, पिनीन, मिर्सीन यांसारखीं हलकीं, लवकर उडून जाणारीं द्रव्यें होतात. तीन जोडले कीं कॅरिओफायलिनासारखीं जड व चिवट. हा नियम स्पष्ट करणाऱ्या रुझिका या रसायनशास्त्रज्ञास १९३९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि मौज अशी कीं नशेचें द्रव्य देखील दोन गणांच्या याच घटकास दुसरें एक द्रव्य जोडून तयार होतें. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक केस असतात, व प्रत्येकाच्या टोकास काचेच्या मण्यासारखा एक गोळा असतो. मिलिमीटरचा दहावा भाग भरेल न भरेल एवढा. हीच ती राळेची कोठी. एकत्र कुटुंबांत एकाच कणगींतलें धान्य काढून एक सून भाकरी करते व दुसरी आंबील, तसें त्या गोळ्यांत एकाच सांठ्यांतून सुगंध व मद दोन्ही निघतात. कोणतें जनुक कोणता पदार्थ करवितें, हें हुडकून हवी तशी जात तयार करणें, हें नातीचें काम.

तर्कसंग्रहांत गंधाचे सुरभि आणि असुरभि असे दोनच प्रकार सांगितले आहेत. नातीच्या यंत्रांत ते चाळीस-पन्नास निघतात. केसाएवढ्या बारीक अशा तीस मीटर लांबीच्या नळींतून फुलाची वाफ सोडितात. शाळा सुटल्यावर जशीं चपळ मुलें फाटकाबाहेर प्रथम पडतात व दप्तर सांवरणारीं मागून येतात, तसें प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळीं नळीबाहेर येतें, आणि कागदावर उंचसखल शिखरांची ओळ उमटते. ही ओळ म्हणजे त्या झाडाच्या वासाची पत्रिका. पत्रिका हा शब्द माझा. पण तिला तो आवडला.

आतां गोत्राचा प्रश्न. लिनियसनें १७५३ सालीं या वनस्पतीस 'सटायव्हा' म्हणजे लागवडीची असें नांव दिलें. १७८५ सालीं लामार्कनें हिंदुस्थानांतून आलेल्या नमुन्यांवरून 'इंडिका' ही दुसरी जाति सांगितली, आणि तिच्या उग्र वासाचीहि नोंद केली. पुढें हीं दोन नांवें शास्त्रज्ञांच्या हातून बाजारांत गेलीं. कॅनडांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून हें फूल प्रौढांस कायद्यानें विकत मिळतें. तेथील दुकानांत डब्यांवर हींच दोन नांवें असतात, आणि गिऱ्हाइकास सांगतात कीं इंडिकेनें आळस येतो व सटायव्हानें तरतरी. डलहौसी व वाखेनिंगेन येथील संशोधकांनीं २०२१ सालीं शंभराहून अधिक नमुन्यांची वंशपरीक्षा प्रसिद्ध केली. तींत असें निघालें कीं 'सटायव्हा' म्हणविणारीं झाडें दुसऱ्या सटायव्हाचीं जितकीं सगोत्र, जवळजवळ तितकींच इंडिकेचींहि. मग नांवांत कांहींच अर्थ नाहीं काय? थोडा आहे. ज्यांस 'इंडिका' म्हटलें होतें त्यांत मिर्सीन, ग्वायोल अशीं मातकट वासाचीं कांहीं द्रव्यें अधिक, व ज्यांस 'सटायव्हा' म्हटलें होतें त्यांत फार्नेसीन व बर्गामोटीन अधिक. म्हणजे उत्पादकांनीं वंश पाहून नांव ठेविलें नव्हतें; फूल नाकाशीं धरून त्याचें गोत्र ठरविलें होतें! दुसऱ्या वर्षीं अमेरिकेंतील सहा राज्यांतल्या सुमारें ९०,००० नमुन्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यांतहि डब्यावरील नांव व आंतील द्रव्यें यांचा मेळ बसला नाहीं. हें ऐकतांना पत्रिका जुळवून आलेलें स्थळ माझ्या डोळ्यांपुढें उभें राहिलें, हें कबूल करणें भाग आहे.

या झाडाचा वंश सुधारणें मात्र फार कटकटीचें आहे. नर व मादी झाडें वेगळीं. सुगंध मादीच्या फुलांत. नराच्या अंगीं राळ नांवाला. त्यामुळें पित्याकडून वासाचें कोणतें वाण आलें हें त्याच्या कन्या वयांत आल्याखेरीज कळत नाहीं. दुभत्या गाईसाठीं वळू निवडण्यासारखाच हा प्रकार. शिवाय राळेंतील दोन मुख्य द्रव्यांचें प्रमाण बहुतांशीं एकाच ठिकाणच्या जनुकावरून ठरतें, असें २००३ सालीं दाखविण्यांत आलें; वासाचें तसें नाहीं. टर्पिनें घडविणारीं जनुकें तिसाहून अधिक, आणि त्यांतील कांहीं अशीं कीं एकटेंच चारपांच द्रव्यें घडवितात. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल असें कोंकणांतला कोणीहि बागाईतदार म्हणणार नाहीं. तीच गत येथें. एकाच जोडप्याच्या शंभर बियांतून कोठें लिंबू, कोठें मिरें, कोठें ओली माती असे वास निघतात. मग त्यांतलें एक रोप निवडावयाचें व फांद्या लावून त्याचीच संतति वाढवावयाची.

नर-मादी ओळखण्याची विद्या आपल्याकडे जुनी होती, हें मला नातीनें सांगितलें, तेव्हां मी किंचित् ओशाळलों. बंगालच्या राजशाही जिल्ह्यांत, जो भाग आज बांगला देशांत आहे, नौगांवच्या आसपास ब्रिटिश सरकारच्या परवान्यानें गांजाची शेती चाले. तेथें पोद्दार नांवाचे जाणते लोक शेतांत फिरून फुलण्यापूर्वींच नर झाडें हुडकून उपटीत, म्हणजे मादीच्या फुलांत बी धरूं नये व राळ वाढावी. १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशननें त्यांच्या कामाची तपशीलवार नोंद केली आहे. यंत्र नाहीं, भिंग नाहीं. सकाळच्या उन्हांत झाडाच्या सांध्याकडे पाहून निवाडा! या लोकांचीं नांवें कोणत्याहि जातीच्या डब्यावर नाहींत.

एक दिवस फोन चालूं असतां वहिनी जवळ निवडणें घेऊन बसल्या होत्या. नात मला सांगत होती कीं हलकीं टर्पिनें वाळवितांना उडून जातात. १९९६ सालच्या एका प्रयोगांत आठवड्याभरांत फुलांतील सुगंधी तेलाचा सुमारें तिसरा हिस्सा, व तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक हिस्सा नाहींसा झाला, आणि मागें राहिल्या तेलांत जड द्रव्यांचें प्रमाण वाढलें. वहिनींनीं सुपांतून मान वर न करितां म्हटलें, "ताज्या पुडीला कैरीच्या चिकाचा वास येई. जुनी असली म्हणजे गवताच्या गंजीचा."

चव्वेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून या विषयावर निघालेलें हें पहिलें वाक्य. नात पलीकडे गप्प झाली. मग तिनें एकेक प्रश्न विचारण्यास आरंभ केला, आणि वहिनी उत्तरें देत गेल्या. सदऱ्याच्या खिशाच्या वासावरून आज नवी पुडी आणली कीं जुनीच चालूं आहे हें त्यांस कळे; नवी असली कीं पेटीची किल्ली कनवटीस लावावयाची, कारण पैसे संपलेले असत. पावसाळ्यांतल्या मालास बुरशीचा वास येई व त्या दिवशीं खोकला अधिक. एका बैराग्याच्या मालास मिऱ्यासारखा झोंबरा वास असे. पुडी उघडी पाहण्याची त्यांस कधीं गरज पडली नाहीं. नातीनें सांगितलें कीं कैरीच्या चिकांत जातिपरत्वें टर्पिनोलीन, मिर्सीन व ऑसिमीन सांपडतात. यांतील टर्पिनोलीन भरपूर असलेली गांजाच्या झाडांची एक वेगळी शाखाच आहे, आणि हीं सर्व हलकीं द्रव्यें पहिल्या कांहीं आठवड्यांतच उडतात. आमच्या वहिनींस शाळा चौथीपर्यंत.

सुगंधाच्या शास्त्रांतहि सर्व उलगडलें आहे असें नव्हे. गांजाचा जो कुप्रसिद्ध उग्र दर्प दूरवरून येतो, तो टर्पिनांचा नसून गंधकयुक्त अशा अत्यल्प द्रव्यांचा आहे, असें २०२१ सालीं अमेरिकेंत दाखविलें गेलें. लसणाच्या वासाचीं द्रव्यें त्यांचीं भावंडें. २०२३ सालच्या एका निबंधाप्रमाणें, एकमेकांहून अगदीं निराळ्या वासाच्या जातींतील टर्पिनांच्या पत्रिका पुष्कळदां सारख्याच असतात, व भेद पडतो तो इतर लेशमात्र द्रव्यांनीं. त्यांतलें एक स्कॅटोल. हें विष्ठेंतहि असतें. यांत किळस मानण्याजोगें कांहीं नाहीं, कारण त्याचें सख्खें भावंड इंडोल आपल्या मोगऱ्या-जाईच्या वासांत आहे, आणि तें काढून टाकल्यास फुलाची जान जाते. नात जी पत्रिका मांडीत आहे ती अपुरी आहे, हें तिला ठाऊक आहे; त्याच अपुरेपणावर तिचा पुढचा निबंध आहे.

येथें वाचकांनीं माझ्याविषयीं गैरसमज करून घेऊं नये. लिंबाचा वास आहे म्हणून तें लिंबाचें सरबत होत नाहीं. अमेरिकेंत पकडलेल्या मालांतील टीएचसीचें सरासरी प्रमाण १९९५ सालीं शेंकडा ४ होतें, तें २०१४ सालीं १२ च्या सुमारास गेलें. म्हणजे माझ्या बंधूंस ज्यानें बुडविलें त्याहून आजचा माल पुष्कळच जालिम असणार. अमुक वासानें झोंप, तमुक वासानें प्रतिभा, असें जें दुकानदार सांगतात त्यास आधार फार थोडा आहे. २०२४ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत २० निरोगी प्रौढांवर केलेल्या परीक्षेंत टीएचसीबरोबर लिमोनीन दिलें असतां भीति व अस्वस्थता कमी झाली, एवढें दिसलें. वीस माणसांचा अनुभव म्हणजे वीस माणसांचा. आपल्या देशांत १९८५ च्या कायद्यानें या झाडाचा फुलोरा व राळ बाळगणें गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहिला तरी मला दुःख होणार नाहीं. परंतु विषाची परीक्षा करणाऱ्या वैद्यास कोणी विषप्रयोग करणारा म्हणत नाहीं. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेंत याच झाडावर परवान्यानें औषधी संशोधन चालूं आहे. तेथील विद्वानांच्या घरचे लोक पाहुण्यांस काय सांगतात कोण जाणे!

पाहुणे आले. मुलाचे आजोबा, आई व एक मावशी. पोहे झाले, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मावशींनीं विचारलें, "मुलगी नेमका अभ्यास कशाचा करते?" पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. खरें सांगतों, रात्रभर विचार करूनहि मी काय बोलणार हें माझें मलाच ठाऊक नव्हतें. गवती चहा हें उत्तर रसायनदृष्ट्या अगदींच खोटें नव्हतें. त्याचा वास ज्या सिट्रलमुळें येतो तेंहि दोन गणांचेंच घराणें. इतका विचार करण्याइतका वेळ मिळाला, यावरूनच माझी गति लक्षांत यावी.

तेवढ्यांत झोपाळ्यावरून वहिनी म्हणाल्या, "गांजाच्या झाडाचा. त्याचे वास ओळखते. आमच्या घरच्यांस त्यानेंच नेलें. तुम्हांस बाहेरून कळेलच, म्हणून मींच सांगतें."

कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतण्या उठून पाणी आणावयास म्हणून आंत गेला तो बराच वेळ आला नाहीं. मग मुलाच्या आजोबांनीं चष्मा पुसून विचारलें, "वास ओळखून काय कळतें?" तेव्हां मीं वर लिहिलें आहे तें बहुतेक सर्व त्यांस सांगितलें, चहा निवून गेला. त्यांनीं दोनतीन प्रश्न मार्मिक विचारले. मुलाच्या आईनें एकहि विचारला नाहीं. निघतांना त्यांनीं वहिनींस वांकून नमस्कार केला आणि "घरीं बोलून कळवितों" असें म्हटलें. त्यास आज तेवीस दिवस झाले.

पुतण्या आईशीं अजून तुटकच बोलतो. नात वैशाखांत पंधरा दिवस येणार आहे. परसांतल्या रायवळ आंब्याची कैरी देंठासकट तोडून तिला चीक दाखवावयाचें वहिनींनीं कबूल केलें आहे. फक्त तो अंगावर उडूं देऊं नये, डाग पडतात, असें तिला आतांच बजावून ठेविलें आहे.